संपतच्या नावाचा अर्ज

क्लोनडॉकिन, डब्लिन
५ जून २०२५

दादा,

मोहनचा नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फोडलंस, एवढं मी धरून चालतो. माझ्या नंबरवरून तुला फोन लागत नाही, आणि तो का लागत नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून पोस्टानं.

आम्ही दोन महिन्यांसाठी रुचाकडे आलोय. ती इथल्या सरकारी दवाखान्यात भुलीची डॉक्टर आहे, जावई श्रेयस सँडीफोर्डला ऑफिसात जातो, उल्का नातीत रमलीय. नात स्वरांगी सात वर्षांची. मराठी सगळं कळतं तिला, उत्तर मात्र इथल्या हेलाच्या इंग्रजीत. परवा म्हणाली, आजोबा, कप प्रेसमध्ये आहे. मी वर्तमानपत्र उचलून बघत बसलो. इथं कपाटाला प्रेस म्हणतात.

नगरपालिकेच्या उद्यान खात्यातून रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी माझी खोड गेली नाही. कुठंही गेलो की आधी झाडांची छाटणी बघतो, मग माणसं. सकाळी डबा घेऊन बसमध्ये बसतो आणि शहर बघत फिरतो. दादा, हे शहर मला फार आवडलं. साधं आहे, बुटकं आहे, आभाळ सारखं भरलेलं. पण आपल्या अंगावरच्या खुणा झाकत नाही.

एकोणीसशे सोळा साली इथं इंग्रजांविरुद्ध उठाव झाला. आठवडाभर भर बाजारात गोळीबार चालला होता. उठाववाल्यांचं ठाणं होतं मोठ्या पोस्ट ऑफिसात. आत सगळं जळून गेलं, बाहेरचे दगडी खांब उरले. आजही तिथं पोस्टच आहे. बायका पार्सलं घेऊन रांगेत उभ्या असतात, आणि बाहेर खांबांवर गोळ्यांचे खळगे तसेच. मी एकात बोट घालून पाहिलं, पहिलं पेर आत गेलं. आपल्याकडे असतं तर मी स्वतः गवंडी लावून ते बुजवले असते आणि वर डिस्टेंपर मारला असता. इथं कोणाला बुजवावंसं वाटलं नाही. पत्रपेट्यांचंही तेच. इंग्रज गेल्यावर लाल पेट्या उपटल्या नाहीत, वर हिरवा रंग दिला. जवळ जाऊन बघितलं की रंगाखाली इंग्रज राजाच्या नावाची अक्षरं हाताला लागतात.

गावाच्या मध्यावर सेंट स्टीफन्स ग्रीन म्हणून बाग आहे. उठावात तिथं पोरांनी खंदक खणले होते आणि समोरच्या हॉटेलाच्या वरच्या मजल्यांवरून इंग्रजी सैन्य मशीनगन चालवत होतं. तळ्यात बदकं होती. बागेचा राखणदार रोज दोनदा बदकांना दाणे घालायला बाहेर यायचा आणि तेवढा वेळ दोन्हीकडचे लोक बंदुका खाली ठेवायचे. आपल्या खात्यातला माणूस, दादा. मी तळ्याकाठी बसून डबा खाल्ला आणि त्याच्यासाठी बरं वाटलं.

हे पत्र त्याच मोठ्या पोस्टात टाकणार आहे. संपतच्या नावावरून आपलं जे झालं त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. सोळा वर्षं झाली. तू वाचावंस, एवढंच.

तुला वाटलं तर वहिनींना सांग मी लिहिलं म्हणून.

मोहन

क्लोनडॉकिन
१४ जून, शनिवार

दादा,

आज बघितलं ते आधी लिहितो, नाहीतर पुन्हा भलतंच लिहीत बसेन.

या शहरात युद्धाच्या दोन बागा आहेत. एक गावात, स्वातंत्र्यासाठी मेलेल्यांची. क्रूसाच्या आकाराचं पाणी, तळाला निळ्याहिरव्या फरशीत मोडलेल्या तलवारी आणि भाले, लढाई संपल्यावर पाण्यात टाकून दिल्यासारखे. फुलं चोख. तिथं सगळे जातात. दुसरी गावाबाहेर नदीकाठी, आयलंडब्रिजला. तिचं नाव श्रेयसलाही माहीत नव्हतं. मी नकाशात हिरवं बघून स्वरांगीला घेऊन गेलो.

दादा, अशी बाग मी जन्मात पाहिली नाही. उतारावर हिरवळ, मधोमध पांढऱ्या ग्रॅनाइटचा ओटा, दोन्ही अंगांना दगडी खोल्या, आणि त्यांच्या पलीकडे गोल खोलगट दोन गुलाबबागा. पायऱ्या पायऱ्यांनी खाली उतरायचं, तळाशी कमळांचं पाणी. जूनचा बहर. मी एकेक वाफा बघत फिरत होतो, तर एक माळी वाळलेली फुलं खुडत होता. त्याचं नाव डेक्लन, पंचावन्नचा असेल. मी सांगितलं, मी पण हेच काम केलं, चौतीस वर्षं. त्यानं मला हातातली कात्री दिली. बोलायच्या आधी कात्री दिली. मी खुडायला लागलो आणि तो बघत राहिला. मग म्हणाला, "ग्रँड." इथं चांगलं, बरं, चालेल, या सगळ्याला तेवढा एकच शब्द आहे.

मी विचारलं, ही बाग कोणाची? तो म्हणाला, "पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेतून लढले त्या आयरिश लोकांची."

मी खुडायचा थांबलो. तो सांगत गेला. लाखावर पोरं गेली होती. कुणी पगारासाठी, कुणी बेल्जियमला वाचवायला, कुणी पुढाऱ्यानं सांगितलं म्हणून. गेली तेव्हा स्टेशनावर बँड वाजला. परत येईतो इकडे उठाव झालेला, देशाचं मन फिरलेलं. ज्यांच्याशी आता भांडण, त्यांच्याच वर्दीत ही पोरं उतरली. कुणी घ्यायला गेलं नाही.

"माझे आजोबा त्यातले," डेक्लन म्हणाला. "आणि ही बाग बांधायला होते. यंत्रं लावायची नाहीत असं ठरलं होतं, म्हणजे जास्त माणसांना काम मिळेल. निम्मे गडी इंग्रजांच्या फौजेतले, निम्मे आपल्या नव्या फौजेतले. तो ओट्याचा दगड त्यांनी दोर आणि वाशांनी ओढला."

"मग उद्घाटनाला गर्दी झाली असेल," मी म्हणालो. माझ्या डोक्यात आधी मांडवच येतो.

"उद्घाटन झालंच नाही. बाग तयार होऊन पडली. रीतसर उघडायला पन्नास वर्षं गेली. मी लहान होतो तेव्हा इथं लोक कचरा टाकायचे. घोडी चरायची. आजोबा नदीच्या त्या काठानं फिरायला जायचे, पण या काठाला यायचे नाहीत."

मग ऐंशीच्या दशकात सरकारला जाग आली. दगड नीट केले, गुलाब नव्यानं लावले. आता राष्ट्राध्यक्ष येतात, हार ठेवतात. मी वाफ्याची माती हातात घेऊन बघितली. काळी, मोकळी, पाच बोटं आत जातात. पन्नास वर्षं उकिरडा असलेल्या जमिनीला असं करायला किती मेहनत लागते हे मला कळतं. ती मेहनत कुणीतरी कमीपणा न मानता केली.

येताना बसमध्ये स्वरांगीनं विचारलं, "व्हाय वर यू सॅड, आजोबा?" मी म्हटलं, नाही गं, गुलाब बघितले.

मला तू आठवलास, दादा. मार्च नव्वद. तू शांतिसेनेतून, श्रीलंकेहून आलास, एसटीतून उतरलास आणि ट्रंक खांद्यावर घेऊन एकटा चालत घरी आलास. एकाहत्तरच्या युद्धातून आलेल्यांची गावानं मिरवणूक काढली होती, ती मी वडिलांच्या खांद्यावर बसून बघितली होती. तू आलास त्या दिवशी मी घरीच होतो. मला स्टँडवर यायला जमलं असतं. आजवर मी सांगत आलो की बस कधीची ते कळलं नव्हतं. कळलं होतं.

मोहन

क्लोनडॉकिन
१९ जून

दादा,

मी लिहिणार नाही म्हणालो होतो, ते आज लिहितो.

आयलंडब्रिजच्या त्या दगडी खोल्यांत वह्या आहेत. त्या युद्धात गेलेल्यांची नावं, एकोणपन्नास हजारांवर. आधी कळवून जावं लागतं. डेक्लननं माझ्यासाठी आजची वेळ घेऊन ठेवली होती. जाड वह्या, पानाभोवती नक्षीची काळी चौकट. नाव, पलटण, हुद्दा, जन्मगाव, कधी आणि कुठं गेला. डेक्लननं त्याच्या आजोबांच्या भावाचं नाव काढून दाखवलं. मी विचारलं, घरचे कुणी बघायला आले होते? तो म्हणाला, "आजोबा नाही आले. मी विचारलं असतं तर कदाचित आले असते. त्यांना घरात कुणी काही विचारलंच नाही. आम्हाला वाटायचं, त्यांना बोलायचं नसेल."

मग मला म्हणाला, "तुझ्या घरात फौजेत कोण होतं?" माझा चेहरा बघून त्यानं ओळखलं असावं. मी सांगितलं, मोठा भाऊ. युद्ध सांगितलं. त्यानं ऐकलेलं नव्हतं. "त्यानं काय सांगितलं तुला तिथलं?" मी म्हणालो, काही नाही. "तू विचारलंस?"

घरी आलो आणि हे पत्र घेऊन बसलो. उल्काला डोकं दुखतंय म्हणून सांगितलंय.

दोन हजार आठच्या ऑगस्टात तू आणि शोभना माझ्या ऑफिसात आलात. हुतात्मा स्मृती उद्यानाचं काम चालू होतं, दगडावर चौदा नावं कोरायची होती. तुझ्या पलटणीतल्या संपत निकमचं पंधरावं घ्या, असा अर्ज शोभनानं लिहून आणला होता. तिच्या नवऱ्याचा देहसुद्धा गावाला आला नाही, तिकडंच दहन झालं. आली ती फक्त किटबॅग, आणि ती तू आणलीस. लग्नाला दीड वर्षही झालं नव्हतं. हे सगळं मला माहीत होतं. मी अर्ज घेतला आणि म्हणालो, समितीपुढे ठेवतो.

डिसेंबरात तुम्ही परत आलात तेव्हा मी सांगितलं, समितीनं नामंजूर केला. तू विचारलंस, कारण काय? तेव्हा मी ते बोललो. "ती लढाई आपली नव्हती दादा. दुसऱ्याच्या देशातल्या भांडणात गेलेला माणूस आपल्या गावाच्या दगडावर कशाला?" शोभना शेजारच्या खुर्चीत बसली होती. तू उठलास, टोपी घातलीस, आणि तिला म्हणालास, "चल पोरी." माझ्याशी तू त्यानंतर बोलला नाहीस.

आता खरं. समितीनं तो अर्ज नामंजूर केला नाही. समितीनं तो कधी पाहिलाच नाही. मी तो पुढे ठेवलाच नव्हता. मार्चमध्ये माझं अधीक्षकपद ठरायचं होतं. अर्ज पुढे गेला तर कोणीतरी वाद काढेल, वर्तमानपत्रात येईल, आणि प्रस्ताव कुणी आणला म्हणून माझं नाव होईल, अशी मला भीती वाटली. मला कुणी दम दिला नव्हता. कुणी सुचवलंसुद्धा नव्हतं. मी माझ्या हातानं कोपऱ्यात लिहिलं, "तरतूद नाही. दफ्तरी दाखल." आणि फाइल कपाटात घातली.

पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात संपतचं नाव लागलं. तू जाऊन बघून आलास, हे उल्काकडून कळलं. तेव्हा तरी मी फाइल काढायला हवी होती, खुर्चीत होतो अजून. नाही काढली. काढली असती तर शेरा कुणाचा हे विचारलं गेलं असतं. तेवीस साली रिटायर झालो तेव्हा किल्ल्या देताना त्या कपाटाकडे बघितलं आणि घरी आलो.

सोळा वर्षं मी लोकांना सांगत आलो, दादा हट्टी आहे. तू मला माफ करावंस असं लिहायला माझा हात धजत नाही. पण तुला खरं काय ते माहीत असावं.

मोहन

क्लोनडॉकिन
८ जुलै

दादा,

परवा रविवारी दुपारी उल्काच्या फोनवर शोभनाचा फोन आला. उल्कानं फोन माझ्याकडे दिला आणि स्वरांगीला घेऊन बाहेर गेली.

शोभना म्हणाली, "मोहनभाऊ, तुमचं तिसरं पत्र दादांनी मला वाचायला दिलं."

मी माफी मागायला लागलो. ती म्हणाली, "थांबा. मला हे चौदा वर्षांपासून माहीत आहे."

दोन हजार अकरा साली तिच्या भाच्यानं माहितीच्या अधिकारात फाइलची नक्कल काढली होती. माझा शेरा, माझं अक्षर, माझी सही. समितीच्या सभेचा कुठंच उल्लेख नाही. ती ते कागद घेऊन तुझ्या मळ्यावर आली. कलेक्टरकडे तक्रार द्यायची ठरवूनच आली होती.

"दादांनी दोन्ही बाजूंनी वाचलं," ती म्हणाली. "मग म्हणाले, रुचा मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मोहन सस्पेंड झाला तर पोरीचं शिक्षण बसेल. तिनं काय केलंय? आणि मला हात जोडले. मला, मोहनभाऊ. माझ्या बापाच्या वयाचे नाहीत ते, पण मी त्यांना बापाच्या जागी मानते. मी काय करणार? कागद घरी नेऊन ठेवले."

खिडकीतून समोरच्या घराची कुंपणाची मेंदी दिसत होती, वेडीवाकडी वाढलेली. तिच्याकडेच बघत राहिलो.

"मी त्यांचं ऐकलं म्हणून मला राग नव्हता असं समजू नका," ती म्हणाली. "दर सव्वीस जानेवारीला त्या बागेवरून जाताना मी रस्ता बदलते. आणि तुमच्या पत्रात माफी आहे ती तुमच्या भावाची. माझी नाही."

खरं होतं. ते पत्र पुन्हा वाचायला मिळालं असतं तरी तेच निघालं असतं. मी म्हणालो, शोभना, तुझी माफी मागतो. ती म्हणाली, "मला तोंडी नको. अर्ज पुन्हा करायचा. पहिलं नाव माझं. आणि सोळा वर्षं का राहिलं, ते त्यात लिहायचं. लिहाल?"

लिहीन म्हणालो.

संध्याकाळी रुचा ड्युटीवरून आली. मला मराठी टाइप येत नाही, तिलाच सांगावं लागलं. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून ती बसली आणि मी सांगत गेलो. "तत्कालीन सहायक उद्यान अधीक्षक या नात्याने सदर अर्ज मी समितीपुढे ठेवला नाही," इथवर तिनं टाइप केलं आणि हात थांबला. "बाबा, तुम्ही?" मी हो म्हणालो. मग शोभनानं सांगितलेलं सगळं तिला सांगितलं, तारीखवार, तिच्या दुसऱ्या वर्षासकट.

ती उठून सिंकपाशी गेली. नळ सोडला, बंद केला. "काकांनी मला प्रत्येक निकालाला पत्र पाठवलं," ती म्हणाली. "तुम्हाला दाखवू नको असं त्यात असायचं. मी दाखवलं नाही." मग परत येऊन बसली आणि म्हणाली, "पुढचं वाक्य सांगा."

तू तिला पत्रं लिहीत होतास, हे मला माझ्या मुलीकडून साठीत कळलं.

दादा, तू मला वाचवलंस आणि माझ्याशी बोलला नाहीस. दोन्ही तुझं बरोबर होतं. रुचा आज इथं माणसांना भूल देते आणि नीट जागी करते, ती तुझ्या गप्प बसण्यामुळे. मी इथं महिनाभर दुसऱ्यांच्या शहराचं कौतुक करत हिंडलो. त्यांनी खळगे बुजवले नाहीत, त्यांनी उकिरड्याची बाग केली, त्यांनी विसरलेली नावं वहीत जपली. कौतुक खरंच आहे, एक शब्द मागे घेत नाही. पण असा एक माणूस माझ्या घरापासून चार किलोमीटरवर मळ्यात राहत होता आणि मी त्याला हट्टी म्हणत होतो.

अर्ज काल मेलनं गेला. मुख्याधिकारी नवीन बाई आहेत, त्यांचं उत्तर आज आलं. प्रस्ताव पुढच्या सभेत ठेवतील. माझ्या शेऱ्याची चौकशी होऊ शकते असंही कळवलंय. होऊ दे. पेन्शनला धक्का लागला तर लागू दे, उल्कालाही सांगितलंय. ती म्हणाली, हे आधी केलं असतंस तर बरं झालं असतं, आणि भाकरी टाकायला गेली.

त्यांनी एक मागितलंय. संपत कधी, कुठं आणि कसा गेला याचं सोबत असलेल्या माणसाचं निवेदन. शोभनाला विचारलं. तिला फक्त तारीख माहीत आहे आणि जाफनाच्या बाहेरचं कुठलं तरी गाव. "दादांनी कधी सांगितलं नाही," ती म्हणाली, "आणि त्यांना त्रास होईल म्हणून मी विचारलं नाही."

वडिलांनी विचारलं नाही. आईनं विचारलं नाही. मी एका भिंतीपलीकडे झोपत होतो, मी विचारलं नाही. तू त्या अडीच वर्षांत काय बघितलंस ते पस्तीस वर्षांत घरात कुणाला माहीत नाही.

आमचं विमान चोवीसला आहे. सव्वीसला शनिवारी सकाळी मी मळ्यावर येतो, एकटाच. तू दार उघडलं नाहीस तर बाहेर बाकावर बसेन, दुपारी जाईन, रविवारी पुन्हा येईन. शोभनाला ऐकायचं असेल तर तिला बोलावू, तू म्हणशील तसं. अर्जाला लागतं तेवढंच सांगायचं असेल तर तेवढंच सांग. पण मला सगळं ऐकायचं आहे, अर्जाला लागत नाही तेसुद्धा.

काय झालं होतं तिथं, दादा?

मोहन